सोलापुरात मधपेटीला स्वेटर कशाला घालताय?

थंडी पडली की तो मेसेज परत फिरायला लागतो, आपल्याकडच्या डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवर तर दिवसातून दोनदा येतो. "मधपेटी गोणपाटात गुंडाळा, दार बंद करा, थंडीने माइट (माश्यांवर जगणारे बारीक किडे) आपोआप मरतात, तरी राहिलेच तर डांबरगोळी ठेवा, आणि रोज साखरपाणी द्या." एकेक घेऊ.

गोणपाटाचं आधी. हे हिमाचल, काश्मीरकडचं काम आहे, तिकडे बर्फ पडतो. बाहेर साधारण १४ अंशाच्या खाली गेलं की माश्या एकमेकींना चिकटून गोळा करून बसतात आणि ऊब धरतात. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे १५-१६, एखाद्या दिवशी अजून खाली, आणि दुपारी परत ३० च्या आसपास! दार बंद केलंत तर आतली ओल बाहेर कुठून जाणार, बुरशी धरते. पेटी कमजोर असेल तर रिकाम्या फ्रेम काढा, दार थोडं लहान करा, झालं. सोलापुरात पेटी जपायची ती एप्रिल-मे मध्ये, सावली आणि पाणी देऊन, पण त्याचा मेसेज कोणी पाठवत नाही.

आता "थंडीने माइट मरतात". हे सगळ्यात घातक. व्हरोआ हा मुख्य माइट माशीच्या अंगाला चिकटून असतो, ती उबेत तर तो पण उबेत, बर्फाच्या देशात सुद्धा तो अख्खा हिवाळा माशीवर काढतो. तिकडे निदान राणी अंडी घालणं थांबवते म्हणून त्याची वाढ थांबते. आपल्याकडे ज्वारी फुलोऱ्यात, मागोमाग करडई, परागाला तोटा नाही, राणी चालूच. अंडी-अळ्यांच्या जागी माश्या ३४-३५ अंश ठेवतात आणि कामकरी माशीची अळी तिच्या घरात मेणाने झाकल्यावर जे १२ दिवस आत असते तेवढ्यात व्हरोआ आपली पिल्लं वाढवून मोकळा. म्हणजे आपल्या हिवाळ्यात माइट मरत नाही, वाढतो.

पण गंमत अशी की माइटवर काम करायचे दिवस हेच. फॉर्मिक अ‍ॅसिडची वाफ झाकलेल्या घरात पण पोचते, मात्र ते साधारण १० ते ३० अंशातच वापरायचं, त्यावर गेलं की भसकन उडतं आणि राणी, अळ्या जातात. मार्चनंतर सोलापुरात ते विसरा. डिसेंबर-जानेवारीत सुद्धा दुपार तापलेली असेल तर थांबा, मधाच्या फ्रेम आधी काढून घ्या, हातमोजे घाला, डोस पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला विचारून. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी एकदा शिंपडून भागत नाही, ते झाकलेल्या घरात पोचत नाही. डाळिंबाच्या आंबे बहाराला (जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा) परागीभवनासाठी पेट्या भाड्याने द्यायच्या तर त्याआधीच हे उरका.

आणि आधी मोजा हो! अळ्यांच्या फ्रेमवरून अर्धा कप माश्या घ्या, साधारण ३०० भरतात, राणी त्यात नाही ना बघा, जाळीच्या झाकणाच्या बरणीत दोन चमचे पिठीसाखर घालून घोळवा, मिनिटभर थांबून पांढऱ्या ताटात झाडा. ९ च्या वर माइट पडले तर उपचार. माश्या परत पेटीत, मरत नाहीत. पण आग्या माशीकडून आलेला ट्रोपिलॅलॅप्स हा दुसरा माइट यात नीट सापडत नाही, त्याला झाकलेली घरं उघडून बघावी लागतात, लांबट तांबूस, तुरुतुरु पळतो. त्याला मोठ्या माशीवर पोट भरता येत नाही, म्हणून राणी तीनेक आठवडे पिंजऱ्यात ठेवली तर अळ्या संपतात आणि तो उपाशी मरतो.

सातेरी, म्हणजे आपली देशी पेटीतली माशी, पाळणारे म्हणतील आम्हाला काय. व्हरोआ मूळचा सातेरीचाच, पण ती त्याला अंगावरून काढते आणि तो तिच्या नरांच्या घरातच वाढतो, म्हणून निभतं. तिला अळ्या मारणाऱ्या थाई सॅकब्रूड व्हायरसची भीती जास्त, १९९१-९२ नंतर दक्षिणेत त्याने वसाहतीच्या वसाहती संपवल्या.

डांबरगोळी ठेवूच नका, तिचा अंश मेणात उतरतो आणि मधात पण. रोजचं साखरपाणी फुलोरा असताना कशाला, ती साखर सरळ तुमच्या मधात जाते. पेटी उचलून हलकी लागली, बाहेर फूल नाही, तर द्या, तेही संध्याकाळी, नाहीतर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात.