आग डेजॉनला लागली. आळ सामायिक यंत्रणेवर का?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन शहरात, सरकारी खात्यांच्या सामायिक डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली आणि सरकारच्या ६०० हून अधिक प्रणाली बंद पडल्या. तेव्हापासून आपल्याकडे एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की सगळी खाती एका छताखाली आणली म्हणून एका ठिणगीने सरकार ठप्प झाले. सामायिक यंत्रणेत नागरिकाची सारी माहिती एकाच्याच हाती जाते. खर्च वाचतो ही तर थापच आहे. तेव्हा प्रत्येक खात्याने आपला सर्व्हर आपल्याच कार्यालयात ठेवावा. या मजकुरामागची काळजी खरी आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र नागरिकांच्याच मुळावर येणारा आहे.

आधी आगीचे पाहू. बंद पडलेल्या प्रणालींपैकी प्रत्यक्ष आगीत सापडल्या त्या ९६. बाकीच्या, तापमान आटोक्यात ठेवणारी यंत्रणा निकामी झाल्यामुळे, नुकसान टाळण्यासाठी मुद्दाम थांबवाव्या लागल्या. त्यांची यंत्रे शाबूत होती, पण त्यांचे काम तत्काळ हाती घेईल अशी दुसऱ्या ठिकाणची जोडयंत्रणा बहुतेकींना नव्हती. भरून न येणारे नुकसान झाले ते ‘जी-ड्राइव्ह’चे. सुमारे सव्वा लाख सरकारी कर्मचारी आपल्या कामाच्या फायली ज्यात ठेवत, त्या साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती गेली, कारण तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती. त्याच केंद्रातल्या इतर बहुतेक प्रणालींची प्रत मात्र रोज घेतली जात होती आणि बाहेरच्या केंद्रातही ठेवलेली होती. इमारत तीच, आग तीच. काय वाचले आणि काय गेले हे ठरले ते प्रत होती की नव्हती यावर.

आता ‘आपला सर्व्हर आपल्या कार्यालयात’ या उपायाकडे वळतो. संगणक देखभालीच्या कामानिमित्त मी अशा एका कार्यालयात वर्षभर जात असे. सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या खोलीतला एक जुना संगणक होता. त्याच्या शेजारी रद्दीचे गठ्ठे आणि फुगलेल्या बॅटरीचा यूपीएस. पावसाळ्यात भिंतीला ओल येई, म्हणून त्याच्यावर प्लास्टिकचा कागद टाकलेला असे, आणि त्यामुळे तो आणखी तापे. बॅकअप एका पेनड्राइव्हवर होता आणि तो पेनड्राइव्ह त्याच खोलीतल्या टेबलाच्या खणात ठेवलेला होता. तिथल्या लिपिकांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे ना माणूस होता, ना निधी. पण एका दुपारी तो संगणक सुरूच झाला नाही आणि अनेक महिन्यांच्या नोंदी पुन्हा हाताने भराव्या लागल्या, तेव्हा त्याची बातमी कुठेही आली नाही. डेजॉनची आग जगाने पाहिली. असे संगणक एकेकटे बंद पडतात आणि दाखल्यासाठी आलेल्या माणसाला फक्त ‘उद्या या’ एवढेच ऐकू येते. खात्याखात्याने वेगळे व्हायचे म्हणजे धोका विखरून दिसेनासा करायचा, आणि तो सांभाळायला प्रशिक्षित माणूस प्रत्येक ठिकाणी मिळणार नाही हे ठाऊक असूनही तसे करायचे.

सारी माहिती एका हाती जाते, हा आक्षेप सामायिक साठा आणि सामायिक मार्ग यांची गल्लत करतो. एस्टोनियात २००१ पासून ‘एक्स-रोड’ ही व्यवस्था चालू आहे. तिच्यात प्रत्येक खात्याची नोंद त्या त्या खात्याकडेच राहते. दुसऱ्या खात्याला ती हवी असेल तर अधिकार तपासून, ठरलेल्या मार्गाने मागावी लागते आणि त्या मागणीची नोंद राहते. त्याच देशाने २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार करून आपल्या महत्त्वाच्या नोंदींची प्रत परदेशात ठेवण्याची सोय केली. आपले डिजिलॉकरही खात्याने दिलेला दाखला मूळ खात्याकडूनच आणून दाखवते. माहितीच्या गैरवापराची भीती अनाठायी नाही, पण तिला आवर घालायचा तो अशा आखणीने आणि कायद्याने.

खर्चाबाबत या मजकुरात तथ्य आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ मध्ये अनेक खात्यांचे पगार, हिशेब, खरेदी अशी कामे एकत्र करणाऱ्या पाच सामायिक सेवा केंद्रांचा हिशेब मांडला, तेव्हा ९० कोटी पौंडांचा अपेक्षित खर्च १४० कोटींवर गेल्याचे दिसले. प्रत्येक खात्याने आपल्या सोयीचे वेगळे बदल करून घेतल्याने सामायिक सेवा नावापुरतीच सामायिक उरली होती. म्हणून बचतीच्या आश्वासनावर अशी योजना विकू नये, हे मी या मजकुराच्या लेखकांइतक्याच ठामपणे म्हणेन.

ज्यांना काळजी आहे त्यांनी माहिती अधिकाराचा एक अर्ज करावा आणि आपल्या जिल्ह्यातील कार्यालयाला विचारावे: आपल्या नोंदींची प्रत कोणत्या दुसऱ्या गावी ठेवली आहे, आणि त्या प्रतीवरून काम प्रत्यक्ष सुरू करून पाहिल्याची शेवटची तारीख कोणती?