‘स्वतःच्या मर्जीनं गेले ना?’

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानानं १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. तेव्हापासून एक मजकूर फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर तो तीनदा आला: ‘एजंटला पैसे मोजून, स्वतःच्या मर्जीनं, चोरवाटेनं गेले. कायदा मोडणाऱ्याला कसले हक्क? हक्क दिले तर आणखी लोंढे जातील.’

आधी मर्जीचं बघू. मर्जी होती, मान्य. पण कशाला? सीमा ओलांडायला. पगार बुडवून घ्यायला किंवा जीव द्यायला नव्हे. आपला ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो तीही स्वतःच्याच हातानं. म्हणून त्याला डांबून ठेवलं तर चालेल का? (चालेल म्हणणारेही भेटतात, तो भाग वेगळा.)

याच तारखेला, २००४ साली, इंग्लंडमधल्या मोरकम खाडीत काय झालं ते आठवा. चोरून आणलेले चिनी मजूर रात्री वाळूत शिंपल्या गोळा करत होते. भरतीच्या वेळा त्यांना ठाऊक नव्हत्या, इंग्रजी जेमतेम. परतणाऱ्या स्थानिकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून सावध करायचा प्रयत्न केला म्हणतात. पाणी चढलं आणि किमान २१ जण बुडाले. टोळी कामाला लावणाऱ्या मुकादमाला २००६ मध्ये १४ वर्षांची कैद झाली. हे सगळे मजूरही मर्जीनंच आले होते. ब्रिटननं मात्र २००४ मध्येच शेती आणि शिंपल्यांच्या कामात मजूर पुरवणाऱ्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. दोष कुठे आहे, हे तिथल्या संसदेला कळलं होतं.

आता ‘कायदा मोडला’. माणसांच्या चोरट्या वाहतुकीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा करार आहे आणि भारतानं २०११ मध्ये त्याला मान्यता दिली आहे. त्यातलं पाचवं कलम सांगतं की, तस्करीनं नेलेल्या माणसावर, केवळ त्याला तसं नेलं म्हणून, या कराराखाली खटला भरता येणार नाही. गुन्हेगार तो नेणारा. सोळावं कलम जीव धोक्यात असलेल्यांना मदत द्यायला सांगतं. देशाला त्यांना परत पाठवता येतंच, तो अधिकार कुणी काढून घेतलेला नाही. पण परत पाठवणं वेगळं आणि राबवून घेऊन पैसे न देणं वेगळं. खुद्द अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा कागदपत्रं नसलेल्या मजुरालाही लागू होतो. काम केलं असेल तर दाम द्यावाच लागतो.

राहिला लोंढ्यांचा मुद्दा, आणि इथं तर गणितच उलटं मांडलंय. बिनकागदाचा माणूस मालकाला हवा असतो तो स्वस्त असतो म्हणून, आणि स्वस्त असतो कारण तो तक्रार करू शकत नाही. त्याला पूर्ण मजुरी द्यावी लागली, अपघाताची भरपाई द्यावी लागली, तर मालकाचा फायदा कुठं उरतो? मग चोरवाटेनं माणसं मागवायची कुणाला हौस?

याच्या नेमकं उलट ब्रिटननं पुढं केलं. २०१६ च्या कायद्यानं परवानगीशिवाय काम करणं हाच गुन्हा ठरवला आणि त्यातून मिळालेला पगार जप्त करायची सोयही केली. तिथं मालकानं सहा महिन्यांची मजुरी बुडवली, तर तो मजूर ठाण्यात जाऊन नेमकं काय सांगणार?