करकर ऐकू आली का?

एकटाच गिटार घेऊन गाणारा, गाणी स्वतःच लिहिणारा आणि मुलाखतीत प्रश्नाला उलटा प्रश्न करणारा एक फोक गायक आहे. त्याचा नवा अल्बम मध्यरात्री येणार आणि तुमचं समीक्षण सकाळी दहाला हवंय. घाबरू नका. अल्बम बावन्न मिनिटांचा आहे. ऐकत बसलात तर तेवढी झोप जाईल, आणि हाती काय लागेल? मत. या कामात मताचा झाला तर अडथळाच होतो.

आधी प्रसिद्धीपत्रक वाचा. त्यात एक झोपडी असेल. जस्टिन व्हर्नन हा गायक अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या शिकारीच्या खोपटात एक हिवाळा काढून आला, तिथली गाणी ‘बोन इव्हेर’ या नावाने २००७ साली त्याने बाहेर काढली, आणि तेव्हापासून बर्फ, प्रेमभंग आणि लाकडी भिंती यांच्याशिवाय फोक अल्बमला पूर्णत्व येत नाही. पहिले तीन परिच्छेद या झोपडीला द्या. लाकडं किती फोडली, चूल कशी धुमसायची, फोनला रेंज कशी नव्हती. गाण्यांपर्यंत पोचाल तोवर शब्दमर्यादा संपत आलेली असेल. झोपडीचा खरा उपयोग तोच.

आवाजाबद्दल मात्र दोन ओळी लिहाव्याच लागतात. सूर लागला नसेल तर ‘सच्चा’ म्हणा. लागला असेल तर ‘या वेळी जरा गुळगुळीत’. शब्द कळले नाहीत तर ‘शब्दांपलीकडचं’. कळले पण अर्थ लागला नाही तर ‘बहुस्तरीय’. गाणारी बाई असेल आणि आवाज बारीक असेल तर ‘लहान मुलीसारखा’ लिहिण्याचा मोह होईल. आवरा. जोआना न्यूसमच्या वेळी तो शब्द पार झिजला. २००६मध्ये हार्प आणि वाद्यवृंद घेऊन तिने पाचच गाण्यांचा, पंचावन्न मिनिटांचा अल्बम केला. एकेक गाणं लघुकथेएवढं. तरी कित्येकांची गाडी तिच्या गळ्यापाशीच अडली. (‘परीसारखा’ही संपलाय. ‘जंगलातल्या कुठल्याशा प्राण्यासारखा’ बहुधा अजून शिल्लक आहे, बघा.)

मग येतो मुख्य प्रश्न: गायक बदलला की नाही? पहिल्या गाण्याची पंधरा सेकंदं ऐका, जास्त नको. ड्रम आले तर ‘मूळ हरवलं’. नाही आले तर ‘स्वतःचीच नक्कल’. दोन्ही वाक्यं आधीच लिहून ठेवली तर काम हातासरशी होतं. ही आपली जुनी परंपरा आहे. २५ जुलै १९६५ला न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकांनी हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी मे महिन्यात मँचेस्टरला प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला ‘जूडास’, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, म्हणून ओरडलं. ओरडणारा निदान जागेवर हजर तरी होता.

कंपन्या तर आपल्याही पुढे. १९८३मध्ये गेफेन या रेकॉर्ड कंपनीने आपल्याच गायकावर, नील यंगवर, ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला. गुन्हा काय, तर त्याचे नवे अल्बम नील यंगसारखे वाटत नाहीत. अहो, केले होते नील यंगनेच! नील यंग कसा वाजतो हे नील यंगला समजत नाही, कंपनीच्या वकिलाला समजतं. आपल्याला वकील परवडत नाही, म्हणून आपण ‘ओळख पुसट झाल्यासारखी वाटते’ एवढ्यावर भागवायचं.

आता भीतीचा भाग. समजा तुम्ही अल्बमला टाकाऊ म्हणालात आणि उद्या तो थोर ठरला? इंग्लंडचा फोक गायक निक ड्रेक आठवा. त्याचा ‘पिंक मून’ हा अल्बम १९७२चा, जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा. दोन रात्रींत रेकॉर्ड झालेला. आवाज, गिटार, एका गाण्यात थोडासा पियानो, बस. कुणी फारसा विकत घेतला नाही. १९७४मध्ये ड्रेक गेला, वय सव्वीस. पुढे १९९९मध्ये फोक्सवॅगनच्या मोटारीच्या जाहिरातीत त्याचं शीर्षकगीत वाजलं, रेकॉर्डी धडाधड खपू लागल्या, आणि ड्रेक आपल्याला आधीपासूनच आवडायचा असं सांगणारे इतके निघाले की मग तेव्हा रेकॉर्ड घेतली कुणी नाही, हे कोडंच आहे. म्हणून ‘हा अल्बम पहिल्या भेटीत हाती लागत नाही’ असं लिहून ठेवा. पडला तर तुमच्या हाती लागलाच नव्हता, चढला तर तुम्ही आधीच सांगितलं होतं.

आणि गुण दहापैकी ७.४. दशांश चिन्ह विसरू नका. नुसते सात म्हटलं तर अंदाज वाटतो. पुढच्या चारामुळे पाठीमागे काहीतरी मोजमाप झाल्याचा भास होतो. पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने ही सोय करून ठेवली आहे, तिचा लाभ घ्या.

माझा एक अनुभव सांगतो, उपयोगी पडेल. एका अशाच अल्बमच्या चौथ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर लाकूड करकरल्याचा आवाज आला. मी त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला: मौनाला तडा, घराचा उसासा, वगैरे. माझं छापून आल्यावर दोन दिवसांत आणखी दोघांनी त्या करकरीचं कौतुक केलं. एकाला ती ‘अल्बमचा कणा’ वाटली. पुढे कधीतरी हेडफोन लावून तेच गाणं ऐकलं, तर करकर नाही. पुन्हा ऐकलं. नाही. मग पाय मुडपून बसलो आणि खुर्ची करकरली. माझी.

त्या दिवशी करकर शोधता शोधता ते गाणं सहा वेळा ऐकलं गेलं. दुसऱ्या कडव्यानंतर तो श्वास घेतो आणि पुढची ओळ म्हणतच नाही, गिटारवर बोटं नुसती सरकतात. हे माझ्या समीक्षणात कुठेही नव्हतं. असो, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. वेळ फार जातो.

आणि कणा ताठ ठेवून लिहायची हौस असेल, तर १९७०चं उदाहरण आहेच. डिलनचा चोवीस गाण्यांचा ‘सेल्फ पोर्ट्रेट’ आला आणि समीक्षक ग्रील मार्कसने ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकातलं समीक्षण चक्क शिवी घातलेल्या प्रश्नाने सुरू केलं. तेव्हाची उरलीसुरली गाणी २०१३मध्ये नव्या संचात आली, तेव्हा सोबतची टिपणं लिहिली कुणी? मार्कसनेच. त्याचं निभावलं, कारण तो पठ्ठ्या चोवीसच्या चोवीस गाणी ऐकून बसला होता. तुमचं तसं नाही. पण तुमच्या ७.४वाल्या अल्बमचीही वीस वर्षांनी जाड पुठ्ठ्याची आवृत्ती निघेल आणि दोन पानं मागायला फोन येईल. मानधनाचं आधी बोलून घ्या, आणि ती करकर नव्या रेकॉर्डिंगमध्ये साफ केली आहे का, ते हळूच विचारा.