कैद्याचे दिवस मोजतात, शिपायाचे?

एकांत कोठडीतल्या कैद्याच्या मनाचं काय होतं हे एकांतवासावरच्या तुमच्या लेखात नीट आलंय, पण बाहेरच्या शिपायाला दोनच ओळी मिळाल्या. माझे मामा तुरुंग शिपाई, बरीच वर्षं अंडा सेलला, म्हणजे कडक बंदोबस्ताच्या एकांत कोठड्यांना, ड्युटी. दाराच्या भोकातून बघायचं, माणूस हलतोय ना याची खात्री करायची, रजिस्टरला नोंद, की पुढची कोठडी. रात्रभर हेच. आत कुणी गळफास घेतला तर चौकशी आधी शिपायाची! घरीही ते रात्री उठून आम्हा पोरांचा श्वास चालू आहे का बघायचे. मामी वैतागायची.

कैद्यांना कसं वागवावं यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांत सलग 15 दिवसांच्या वर एकांतवासाला मनाई आहे. आपल्या जुन्या भादंविच्या कलम 74 मध्ये तर एका वेळी 14 दिवसच. (‘सुरक्षे’च्या नावाखाली जास्त ठेवतात, तो वेगळा विषय.) शिपायाने तिथे किती काळ काढायचा, हे मात्र ड्युटी लावणाऱ्या साहेबांच्या मर्जीवर.

फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंग रक्षकांनी संप केला. सक्तीच्या जादा ड्युटीची तक्रार रास्तच होती. पण एकांतवासाला मर्यादा घालणारा कायदाच गुंडाळा, ही मागणी काही पटली नाही. अशा कोठड्या कमी झाल्या तर तिथला पहाराही कमीच होईल की!