फसलेलं लँडिंग हा फक्त कंपनीचा तोटा नाही

"उपग्रह कक्षेत पोचला, काम फत्ते. परतणारा बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा टप्पा, आपटला तर नुकसान कंपनीचं. अमेरिकेची उड्डाण नियामक संस्था एफएए उगाच चौकशी लावते, उड्डाणं रोखते आणि नव्या तंत्रज्ञानाचा गळा घोटते." स्पेसएक्स या रॉकेट कंपनीच्या चाहत्यांचा हा दावा सगळीकडे फिरतोय. मला तो धोकादायक वाटतो.

उपग्रह पोचला म्हणजे चढाई निर्दोष होती, हे गृहीतकच चुकीचं आहे. 2 मार्च 2025 च्या रात्री स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटचा बूस्टर समुद्रातल्या तराफ्यावर अलगद उतरला. पाऊण मिनिटानं बुडाशी आग भडकली, पाय निकामी झाला आणि बूस्टर कलंडला. दोष मात्र चढाईतच सुरू झाला होता. उड्डाणानंतर साधारण 85 सेकंदांनी एका इंजिनात इंधन गळू लागलं, तापलेल्या भागावर उडून त्याची वाफ झाली. वर पुरेसा ऑक्सिजन नव्हता म्हणून ती पेटली नाही. उतरल्यावर ऑक्सिजन मिळाला आणि पेटली. बाराच दिवसांनी याच जातीच्या रॉकेटवर चार अंतराळवीर बसून गेले. अशी आग कुणाची खासगी बाब कशी असेल?

"पडतं ते समुद्रातच ना" हेही अर्धसत्य. काही बूस्टर फ्लोरिडातल्या केप कॅनव्हेरलला जमिनीवर परततात. डिसेंबर 2018 मध्ये त्यातल्या एकाच्या जाळीदार पंखांचा हायड्रॉलिक पंप अडकला आणि तो गिरक्या घेत किनाऱ्यालगत पाण्यात उतरला. सगळं ठीक असल्याशिवाय जमिनीकडे वळायचंच नाही, अशी त्याच्या मार्गाची आखणी होती, म्हणून निभावलं. अशी आखणी तपासणारं कुणीतरी कंपनीबाहेरचं हवंच.

राहिला गळा घोटण्याचा आरोप. 28 ऑगस्ट 2024 ला तेविसाव्यांदा उडालेला फाल्कन 9 चा एक बूस्टर तराफ्यावर कोसळला. 30 तारखेला, चौकशी पुरी व्हायच्या आत एफएएनं परवानगी दिली आणि 31 ला दोन फाल्कन उडाले. चौकशीही कंपनीच करते, एफएए देखरेख ठेवते. लोकांना धोका नव्हता हे दिसलं की ती अडवून धरत नाही, आणि ते योग्यच आहे.

ब्लू ओरिजिन या दुसऱ्या रॉकेट कंपनीचंही तेच. जानेवारी 2025 मध्ये तिच्या न्यू ग्लेन रॉकेटच्या बूस्टरची इंजिनं परतताना पुन्हा पेटलीच नाहीत. चौकशीतून सात सुधारणा निघाल्या, आणि नोव्हेंबरमधल्या दुसऱ्याच उड्डाणात नवा बूस्टर जहाजावर ताठ उभा राहिला.