नसलेल्या कायद्यावरचं मत

अमेरिकेत निवडणूक तोंडावर आली की आपल्याकडच्या ग्रुपांवर तिथल्या सर्व्हेंचे आकडे सकाळ-संध्याकाळ येऊन पडतात. अमका तीन टक्क्यांनी पुढे, तमका दोनने मागे. निकाल लागला की तीच मंडळी लिहितात, "बघा, सर्व्हेवाले परत तोंडावर आपटले!"

मी बरीच वर्षं मार्केट रिसर्चमध्ये काढली, त्यामुळे अशा वेळी सर्व्हेवाल्यांची बाजू घ्यायची खुमखुमी येतेच. २०१६ मध्ये देशपातळीवरचे सर्व्हे हिलरी क्लिंटन यांना साधारण तीन टक्के पुढे दाखवत होते. त्यांना मतं मिळाली दोन टक्के जास्त. पण तिथं अध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर नाही, राज्यवार निकालावर ठरतो. ट्रम्प जिंकले ते विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांच्या जोरावर, तिन्हींत मिळून ८० हजारांहून कमी मतांच्या फरकानं. तिथले सर्व्हे गंडले होते हे कबूल. कॉलेजात न गेलेले मतदार नमुन्यात कमी आले आणि बऱ्याच कंपन्यांनी ती कसर भरून काढली नाही. असो. कोण जिंकणार हे सांगणं हा सर्व्हेचा सगळ्यात फुटकळ उपयोग आहे.

मला खटकतात ती दुसरीच वाक्यं. "सत्तर टक्के अमेरिकनांना अमुक धोरण हवंय." हवंय म्हणजे किती हवंय? कोणी विचारलं म्हणून हवंय?

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या संशोधकांनी लोकांना विचारलं, "१९७५ चा पब्लिक अफेअर्स कायदा रद्द करावा असं काहींचं म्हणणं आहे, तुम्हाला पटतं का?" असा कायदाच कधी झाला नव्हता. तरी जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी मत ठोकून दिलं. १९९५ मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं याच न जन्मलेल्या कायद्याची विशी साजरी केली आणि पुन्हा विचारलं. ४३ टक्के लोकांकडे मत तयार होतं! मग काहींना सांगितलं की तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांना हा कायदा रद्द करायचाय, काहींना सांगितलं की रिपब्लिकनांना करायचाय. लगेच मत देणारे आणखी वाढले आणि आपापल्या पक्षामागे जाऊन उभे राहिले.

लोक मूर्ख असतात असं मला म्हणायचं नाही. आम्हीसुद्धा ब्रँडच्या यादीत मुद्दाम एक खोटं नाव घालायचो. दारात उभी राहिलेली बाई आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघते, मग हातातल्या कागदाकडे, आणि "माहीत नाही" म्हणायला लाजून "हो, चांगला आहे की तो साबण" म्हणून मोकळी होते. साबण कंपनीचं त्यात फार बिघडत नाही. पण धोरणाच्या प्रश्नावर पक्षाचं नाव ऐकलं की त्या बाईला आधार मिळतो, आणि उसनं मत एकदम ठाम होतं.

न्यू जर्सीतली माझी मावसबहीण पक्की डेमोक्रॅट, भाऊजी गेली काही वर्षं ट्रम्पवाले. दोघंही तिकडचे नागरिक. एकाच फ्रिजमधली अंडी खातात. २०२४ च्या ऑक्टोबरात महागाईनं भाऊजींचं कंबरडं मोडलं होतं. ट्रम्प परत अध्यक्ष झाल्यावर फेब्रुवारीत फोन केला तर कंबरडं ताईचं मोडलेलं. (अंडी तेव्हा खरोखरच महाग झाली होती, पण भाऊजींना ती आता परवडत होती.) गॅलप या सर्व्हे कंपनीच्या आकड्यांतही हेच दिसतं. २०१६ चा निकाल लागला आणि ट्रम्प यांनी शपथ घेण्याआधीच रिपब्लिकन मतदारांना अर्थव्यवस्था सुधारल्यासारखी वाटायला लागली. २०२० नंतर बरोबर उलटं.

आता बंदुकांचं बघा. खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासावी का, असं विचारलं की नव्वदच्या आसपास टक्के लोक हो म्हणतात. सँडी हूकच्या शाळेत २० मुलं मारली गेली, त्यानंतर एप्रिल २०१३ मध्ये तपासणी वाढवणारा प्रस्ताव सेनेटसमोर, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहासमोर आला. बाजूनं ५४, विरोधात ४६. तरी पडला, कारण तिथल्या नियमांनुसार ६० लागतात. शिवाय साडेपाच-सहा लाख वस्तीच्या वायोमिंगचे दोन सेनेटर आणि पावणेचार कोटींच्या वर लोक असलेल्या कॅलिफोर्नियाचेही दोनच. इथपर्यंतचं गाऱ्हाणं सगळे गातात.

पण मेन राज्याचं कोणी सांगत नाही. २०१६ मध्ये तिथं हाच प्रश्न थेट मतपत्रिकेवर होता. त्याच दिवशी हिलरी क्लिंटन यांनी ते राज्य जिंकलं, आणि तपासणीचा प्रस्ताव ४८ विरुद्ध ५२ असा पडला. फोनवरचा नव्वद टक्क्यांचा होकार आणि मतपेटीतला होकार यांत एवढी दरी. फोनवर हो म्हणायला काही किंमत मोजावी लागत नाही. समोर प्रचार उभा राहिला, शंका-कुशंका निघाल्या की तो होकार विरघळतो.

म्हणून मी सर्व्हेपेक्षा असल्या थेट मतदानाकडे जास्त बघतो. तिथं प्रश्नापुढे पक्षाचं नाव छापलेलं नसतं. २०२० मध्ये फ्लोरिडात किमान वेतन टप्प्याटप्प्यानं ताशी १५ डॉलरवर नेण्याचा प्रस्ताव होता. हेच १५ डॉलर बायडन यांच्या कार्यक्रमात होते. बायडन तिथं ४८ टक्क्यांवर अडकून हरले आणि १५ डॉलरना सुमारे ६१ टक्के मिळाले. देशपातळीवर किमान वेतन २००९ पासून सव्वासात डॉलरवर ठाण मांडून बसलंय, कारण तिथं हा प्रश्न पक्षांच्या हातात आहे.

२०२४ मध्ये मिझुरीत हेच. ट्रम्प यांना ५८ टक्के, आणि १५ डॉलर वेतन व पगारी आजारपणाची रजा देणाऱ्या प्रस्तावालाही जवळपास तितकेच. म्हणजे हजारो लोकांनी एकाच मतपत्रिकेवर दोन्हींवर खूण केली. मला हे अजिबात विसंगत वाटत नाही. एक प्रश्न 'तू कोणाचा' हा होता, दुसरा 'तुला काय पाहिजे' हा.

पुढे काय झालं? तो साधा कायदा होता, राज्यघटनेतली दुरुस्ती नव्हती. त्यामुळे विधिमंडळाला तो बदलता येत होता. रजा मे २०२५ पासून लागू झाली, जुलैत रिपब्लिकन गव्हर्नरांनी ती रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली आणि ऑगस्टअखेर ती संपली. ज्यांनी ती संपवली ते आमदार पुन्हा मतं मागायला जातील. पक्षाच्या नावावर मागतील, आणि त्यातल्या बहुतेकांना ती मिळतील यावर मी पैज लावायला तयार आहे.