बटण तिथेच आहे

सकाळी उठल्या उठल्या फोन बघायचा नाही असं रोज ठरवते आणि रोज बघते. आज बघितला तर माझ्या ॲपला एक स्टार. खाली लिहिलेलं: "दीड वर्ष अपडेट नाही. डेव्हलपर गायब. ॲप मेलंय."

तेव्हापासून डोकं तापलंय. दिवसभर काम करत होते, पण मनात तेच घोळत होतं. म्हणून आता लिहूनच टाकते. लांबणार आहे, आधीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझं ॲप औषधाची आठवण करून देतं. वेळ झाली की वाजतं. पडद्यावर गोळीचं नाव मोठ्या अक्षरात येतं आणि खाली या कडेपासून त्या कडेपर्यंत एक हिरवं बटण, "घेतली". ते दाबलं की आवाज बंद आणि नोंद झाली. वर कोपऱ्यात बारीकसं "दहा मिनिटांनी" आहे. खातं उघडायचं नाही, पासवर्ड नाही, जाहिरात नाही, नोंदी फोनच्या बाहेर कुठे जात नाहीत. एकदा पैसे भरायचे, विषय संपला. डिझाइन मी, कोड मी, टेस्टिंग मी, तक्रारींना उत्तरं देणारी पण मीच.

आणि हे ॲप मेलेलं नाही. ते पूर्ण झालंय.

हे वाक्य आमच्या धंद्यात कोणाला पचत नाही. टेबल पूर्ण होतं, स्वेटर विणून पूर्ण होतो, सॉफ्टवेअर मात्र पूर्ण झालं म्हटलं की लोक असे बघतात जसं काही मी काम टाळतेय. कोणी सांगितलं की दर महिन्याला काहीतरी हललंच पाहिजे?

मी हे का बोलते त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी मीच ते हलवलं होतं.

तेव्हा मला हौस आली होती. सगळ्यांच्या ॲपमध्ये गोल कोपऱ्यांची कार्डं, हलके रंग, सरकणारे पडदे. माझं जुनाट दिसायला लागलं. दोन महिने रात्री जागून सगळा पडदा नव्याने मांडला. "घेतली" हे बटण कार्डात घालून वर नेलं. खाली जागा रिकामी झाली, तिथे "दहा मिनिटांनी" ठेवलं, कारण कामात असलेली माणसं तेच जास्त दाबत असतील असा माझा आपला अंदाज. कोणाला विचारलं नाही. अपडेट टाकलं. पाच-पाच स्टार आले, "फ्रेश वाटतं", "मस्त लुक". मी खूश.

नवव्या दिवशी एक मेल आला. एका मुलीचा, आईबद्दल. आईच्या दोन्ही डोळ्यांना मधलं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे ती बटण वाचत नव्हतीच. वाजलं की फोन हातात घ्यायची, अंगठा खाली न्यायची आणि दाबायची. तीन वर्षं असंच. आता तिने तसंच दाबलं, पण तिथे "दहा मिनिटांनी" होतं. आवाज बंद झाला. तिने गोळी घेतली. दहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. तिला वाटलं, अगं बाई, घ्यायची राहिली वाटतं. पुन्हा घेतली.

रक्तदाबाची गोळी होती. मुलीने रविवारी पाकीट उघडून मोजलं तर दहा गोळ्या उरायला हव्या होत्या, सहा निघाल्या.

चार गोळ्या. त्या चार गोळ्या मी विसरू शकत नाही.

डॉक्टरांना लगेच विचारलं होतं, आई ठीक होती, हे त्याच मेलमध्ये लिहिलेलं. त्यामुळे वाचून झाल्यावर निदान श्वास तरी घेता आला. पण शेवटची ओळ: "ताई, ते बटण आधी होतं तिथे परत ठेवता येईल का?" चिडली नव्हती ती. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच रात्री जुनी मांडणी परत आणली. मंजूर होऊन लोकांच्या फोनपर्यंत पोचायला वेळ गेला, ते आल्यावर त्या मुलीला फोनवरून सांगितलं की पुन्हा असं होऊ नये म्हणून आईचं ऑटो-अपडेट कसं बंद करायचं. माझंच ॲप अपडेट होऊ देऊ नका, हे मला माझ्या तोंडाने सांगावं लागलं.

तर "ॲप मेलंय" म्हणणाऱ्या दादा, तुम्हाला जे मेलेलं दिसतंय ते मी मुद्दाम तसं ठेवलंय. रात्री दिवे गेले तरी तुमचा हात भिंतीवरच्या बटणावर बरोबर जातो ना? कोणी तुम्हाला न विचारता ते बटण दाराच्या पलीकडे नेऊन बसवलं आणि वर म्हणाला "नवा अनुभव", तर चालेल?

दुपारी एका मित्राशी बोलले, हाच धंदा करतो. वाटलं तो तरी समजून घेईल. तो म्हणाला, अगं त्या रिव्ह्यूवाल्याचं बरोबर आहे, आता त्यात एआय घाल. गोळीबद्दल गप्पा मारता येतील असं काहीतरी. रोज सलग किती दिवस गोळी घेतली त्याचा बिल्ला दे, लोक परत परत ॲप उघडतील. आणि महिन्याचं सबस्क्रिप्शन लाव.

परत परत का उघडतील? का उघडावं? दिवसातून दोनदा किंवा तीनदा वाजतं, माणूस दाबतो, फोन खाली ठेवतो. यापेक्षा जास्त वेळ माझ्या ॲपमध्ये कोणी घालवत असेल तर माझं काहीतरी चुकलंय. औषध घेणं हा खेळ नाही. एखादा दिवस चुकला म्हणून आजारी माणसाचा बिल्ला काढून घ्यायचा, ही कल्पना सुचते तरी कशी? आणि यंत्र गोळीबद्दल गप्पा मारताना एकदा जरी चुकीचं बोललं, तर रविवारी पाकिटातल्या गोळ्या मोजायला कोण बसणार आहे? मित्र बसणार आहे?

बरं, पैशाबद्दल तो खोटं बोलत नाही. एकदाच पैसे घ्यायचे आणि वर्षानुवर्षं सांभाळायचं, हा हिशोब जुळत नाही, हे मला महिन्याच्या शेवटी कोणी सांगायला लागत नाही. ॲपल आणि गूगल दोघांनी २०२१ मध्ये छोट्या डेव्हलपरांकडून घ्यायचा वाटा ३० टक्क्यांवरून १५ वर आणला, त्याने जीवाला थोडा आधार मिळाला. तरी मी बाहेरची कामं करते म्हणून हे ॲप टिकलंय. मान्य. पण म्हणून त्या आईकडून दर महिन्याला पैसे घ्यायचे आणि तिला त्या बदल्यात काय द्यायचं? तर दर महिन्याला हललेलं बटण, म्हणजे मी काम करतेय असं दिसावं म्हणून.

आणि पूर्ण झालेलं सॉफ्टवेअर असतं. असतं! संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांचं टेक (TeX) हे सॉफ्टवेअर घ्या, गणिताची पुस्तकं आणि शोधनिबंध छपाईसाठी जुळवायला जगभर वापरतात ते. त्यांनी १९९० साली जाहीर करून टाकलं की यात आता नवीन काही येणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील. त्याचा आवृत्ती क्रमांक प्रत्येक दुरुस्तीला पाय (π) या गणितातल्या संख्येच्या किमतीकडे एक एक अंक सरकतो. आता ३.१४१५९२६५३ वर आहे. त्यांनी असंही लिहून ठेवलंय की आपल्या माघारी तो आकडा पाय करून टाकायचा आणि त्यानंतर कोणी हात लावायचा नाही. मला हे वाचून पहिल्यांदा रडू आलं होतं, खरंच. आपण केलेली वस्तू पुरी झाली असं म्हणायची हिंमत किती जणांत असते?

दुसरं, तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे आणि तुम्ही नावही ऐकलं नसेल: एसक्यूलाइट. माहिती साठवायचं काम करतं. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलं. २००४ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत फाइलचा जो साचा ठरला, त्यातली जुनी फाइल आजही उघडते, आणि २०५० पर्यंत सांभाळू असं त्यांनी लिहून दिलंय. माझ्या ॲपमधली "घेतली" ची प्रत्येक नोंद त्यातच बसते. त्या पायावर उभी राहून मी दर महिन्याला भिंतीचा रंग बदलू?

आता कोणीतरी खाली लिहिणारच की अपडेट लागतातच, सुरक्षेचं काय. लागतात. इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधलं हार्टब्लीड नावाचं भोक २०१४ मध्ये सापडलं तेव्हा ते दोन वर्षं तसंच उघडं होतं, आणि ज्यांनी अपडेट केलं नाही ते उघडे राहिले. मी दुरुस्तीला नाही म्हणतच नाहीये.

उलट माझा बहुतेक वेळ त्यातच जातो, फक्त तो दिसत नाही. मी ॲपला हात लावला नाही तरी खालची जमीन सरकत असते. अँड्रॉइड ६ मध्ये, २०१५ ला, फोन पडून असला की ॲपना झोपवायची सोय आली. बॅटरीसाठी चांगलंच. पण माझं सगळं काम फोन पडून असतानाच तर असतं, मग नेमक्या वेळेला जाग यावी म्हणून वेगळा मार्ग वापरावा लागला. अँड्रॉइड १२ मध्ये नेमक्या वेळेच्या अलार्मला वेगळी परवानगी आली. १३ मध्ये साधी सूचना दाखवायलाही विचारावं लागायला लागलं. कारणं खरी आहेत, भलभलती ॲपं लोकांना रात्रंदिवस छळत होती. पण त्यामुळे प्रत्येक वेळी मी जुने फोन, नवे फोन टेबलावर मांडते, रात्री दोनचा अलार्म लावते आणि वाजतो का बघत बसते. गेल्या खेपेला पाच फोनपैकी एक वाजला नाही. तीन रात्री गेल्या. शेवटी कळलं की त्या फोनची बॅटरी वाचवायची स्वतःची वेगळीच यादी आहे आणि त्यातून ॲप हाताने काढावं लागतं.

या तीन रात्रींचा स्क्रीनशॉट काढता येत नाही. त्या अपडेटनंतर ॲप आधीसारखंच दिसलं, आधीसारखंच वाजलं, आणि त्यासाठीच तर केलं होतं सगळं. त्या दादांना हे कसं दिसणार? लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय माझा. त्यांनी यादीत तारीख बघितली, जुनी वाटली, भीती वाटली असेल. औषधाचं ॲप आहे, उद्या बंद पडलं तर काय, असं वाटणं चूक नाही. गायब झालेले डेव्हलपर मीही पाहिलेत. लोक आवडीने एखादं ॲप वापरत असतात, सगळ्या नोंदी त्यात असतात, आणि एक दिवस ते नव्या फोनवर चालतच नाही. ॲपलने २०१७ मध्ये आयफोनसाठी आयओएस ११ आणलं तेव्हा ३२ बिटची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरसाठी बांधलेली, ॲपं त्यावर सगळी एकदम बंद झाली. ज्यांचे बनवणारे उरले नव्हते त्यांना कोण नवं करणार होतं?

म्हणून त्यांना उत्तर लिहिलं. पहिलं लिहिलेलं पुसून टाकलं, ते बरं नव्हतं. दुसऱ्यात लिहिलं की मी इथेच आहे, ॲप नव्या फोनवर तपासलेलं आहे, तुम्हाला काही अडचण असेल तर मेल करा, मी स्वतः उत्तर देते. चार गोळ्यांची गोष्ट नाही सांगितली. ती इथे सांगितली.

तसंही पुढच्या आठवड्यात अपडेट टाकायचंच आहे. नव्या अँड्रॉइडसाठी बांधणी केली नाही तर काही दिवसांनी नव्या फोनवाल्यांना स्टोअरवर ॲप दिसेनासं होतं. टाकताना "नवीन काय" असा एक रकाना भरावा लागतो. बाकीचे तिथे लिहितात "रोमांचक बदल", "नवा अवतार". मी आत्ताच लिहून ठेवलंय: "नव्या फोनवर वेळेवर वाजावं म्हणून आतली कामं केली. दिसण्यात काहीही बदललेलं नाही. बटण तिथेच आहे."

ती मुलगी अजून अधूनमधून मेल करते. आई बरी आहे. फोन बदलला मध्ये, तेव्हा पहिला प्रश्न तोच होता, नव्या फोनवर बटण खालीच येईल ना.

आणि एक काम सांगते, उद्या आठवणीने करा. तुमच्या घरात कोणाच्या फोनवर आठवण करून देणारं कुठलंही ॲप असेल, माझंच असं नाही, तर त्यांच्या शेजारी बसून सेटिंग उघडा. त्या ॲपला सूचनेची परवानगी आहे का बघा, अलार्मची आहे का बघा, बॅटरी वाचवायच्या यादीत ते अडकलंय का बघा. मग पाच मिनिटांनंतरची वेळ लावा, फोन लॉक करून टेबलावर ठेवा आणि वाजेपर्यंत तिथेच बसा. वाजलं की ते कुठे दाबतात तेही बघा.